कमी पटाच्या शाळांना टाळे नको, रिलीव्हर द्या

उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षण विभागाने १६ जून २०२५ रोजी एक आदेश काढला. ज्या परिषदीय प्राथमिक शाळांचा पट फार घटला आहे, त्या शाळांतील मुले व शिक्षक जवळच्या दुसऱ्या शाळेत न्यावेत, असा त्याचा अर्थ. सरकारी कागदावर याला 'पेअरिंग' असे गोड नाव आहे. खेड्यातल्या माणसाला हा शब्द समजला नाही. त्याला एवढेच समजले की आपल्या दारची शाळा आता दुसऱ्या गावात गेली.

आम्ही लखनौचे रेल्वे कामगार या प्रश्नावर का लिहीत आहोत, असे काही मित्र विचारतील. शिक्षकांच्या संघटना आहेत, त्यांनी बोलावे, रेल्वेवाल्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला असा की लखनौहून काकोरी-मलिहाबादकडे, मोहनलालगंज-निगोहांकडे किंवा बक्शी का तालाब-इटौंजावरून सीतापूरकडे जे रूळ गेले आहेत, त्यांच्या दोन्ही अंगांना आमचे ट्रॅकमन, गेटमन, ठेकेदाराकडचे मजूर राहतात. त्यांची मुले याच शाळांत जातात. केंद्रीय विद्यालय आणि शहरातली शाळा बाबूंच्या वाट्याला येते, गँगच्या माणसाच्या वाट्याला नाही. दुसरा संबंध असा की जे आज शाळेचे होत आहे, ते आमच्या खात्यात आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. आधी जागा भरायची नाही, मग काम नीट होत नाही म्हणायचे, मग वापर कमी आहे म्हणून बंद करायचे. छोट्या हॉल्टचे असेच झाले, कारखान्यातल्या शॉपचे असेच झाले.

प्रथम घडले ते थोडक्यात सांगू. आदेशाविरुद्ध सीतापूरच्या मुलांच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात याचिका झाल्या. ७ जुलै २०२५ ला एकल न्यायमूर्तींनी त्या फेटाळल्या. अपील झाले आणि २४ जुलैला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती 'जैसे थे' स्थिती ठेवण्याचा हुकूम दिला. त्यानंतर आठवड्याभरात सरकारने जाहीर केले की ज्या शाळेत ५० हून अधिक मुले आहेत किंवा जिची जोड-शाळा एक किलोमीटरहून दूर आहे, ती जोडली जाणार नाही. आधी आदेश, मग आंदोलन, मग कोर्ट, आणि सगळ्यात शेवटी अंतर मोजण्याची आठवण! हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोकळ्या झालेल्या इमारतींत बालवाटिका भरवण्याची योजनाही आली. ती वाईट नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी गावात वर्ग, आणि सहा वर्षांचा झाला की त्याला गावाबाहेर पाठवा, हे आमच्या साध्या डोक्यात बसत नाही.

ही गोष्ट एकट्या उत्तर प्रदेशाची नाही. केंद्र सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१४-१५ मध्ये देशात ११,०७,१०१ सरकारी शाळा होत्या, त्या २०२३-२४ मध्ये १०,१७,६६० राहिल्या. म्हणजे ८९,४४१ शाळा कमी. त्यात मध्य प्रदेशात २९,४१० आणि उत्तर प्रदेशात २५,१२६. खरे बोलायचे तर उत्तर प्रदेशातील यातल्या बऱ्याच शाळा एकाच आवारातली प्राथमिक व उच्च प्राथमिक एकत्र केल्याने कागदावरून कमी झाल्या. तिथे मुलाला एक पाऊलही जास्त चालावे लागले नाही. त्याबद्दल आमची तक्रार फारशी नाही. पण २०२५ चा आदेश वेगळा आहे, तो आवाराबाहेर नेणारा आहे.

पट का घटला? मुले कमी जन्मतात, हे एक कारण खरेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशात एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण २०१५-१६ ला २.७ होते, ते २०१९-२१ ला २.४ झाले. महाराष्ट्रात तर ते १.७ होते. रोजगारासाठी घरदार उचलून पंजाब, गुजरात, मुंबईकडे जाणारी कुटुंबे मुलांनाही घेऊन जातात, आम्ही ती रोज चारबागच्या फलाटावर बघतो. पण याच्या जोडीला तिसरे कारण आहे, ज्याबद्दल आदेशात अवाक्षर नाही. सरकारी शाळेपासून हाकेच्या अंतरावर खाजगी शाळांना मान्यता कोणी दिल्या? पाच वर्गांना दोन गुरुजी, त्यातला एक मतदारयादीच्या कामावर. २०२५ च्या अखेरीस मतदारयाद्यांचे विशेष पुनरीक्षण झाले तेव्हा शिक्षक घरोघर फॉर्म वाटत फिरत होते. उरलेला एक गुरुजी आधार, बँक खाते, ड्रेसचे पैसे, दुपारचे जेवण यांचा हिशेब लिहीत बसतो. हे पाहून बाप पोट मारून मुलाला फीच्या शाळेत घालतो. आणि मग सरकार म्हणते, लोकांना आमची शाळा नको आहे.

आता हिशेब करू. युनियनचा माणूस कोणतीही योजना आली की आधी पदे मोजतो, ती आमची सवय आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. समजा जवळजवळ तीन शाळा आहेत, एकीत १८ मुले, दुसरीत २४, तिसरीत १७. कायद्याप्रमाणे शिक्षक झाले सहा. तिन्ही एकत्र केल्या, मुले झाली ५९. आता कायद्याप्रमाणे शिक्षक किती? दोन! मुले तितकीच, पुस्तके तितकीच, आणि चार पदे हवेत विरली. सरकारने सांगितले आहे की कोणाचेही पद जाणार नाही, सगळे शिक्षक नव्या शाळेत मिळतील आणि मुलांना प्रत्येक वर्गाला गुरुजी मिळेल. आम्ही यावर अविश्वास दाखवीत नाही, फक्त आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडेही माणसाला कधी काढत नाहीत. माणूस निवृत्त होतो, मग त्याची जागा 'सरप्लस' ठरते, मग ती 'सरेंडर' होते. आदेशात 'पद रद्द' असे शब्द कुठेच नसतात. जागा जाते ती अशी. म्हणून जोडणीच्या आदेशात एक ओळ लिहून हवी, की जोडण्यापूर्वी प्रत्येक शाळेला कायद्याने जेवढी पदे होती तेवढी एकत्रित शाळेत कायम राहतील, पट काहीही असो. ही ओळ लिहायला सरकारला अडचण काय?

रसोइया भगिनींचा हिशेब कोणी केलाच नाही. दुपारच्या जेवणाच्या नियमात २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण आणि २६ ते १०० पर्यंत दोन. वरच्याच तीन शाळा घ्या. वेगळ्या असताना तिघी, एकत्र केल्यावर दोघी. एक घरी बसली. तिला २०२५ साली मानधन मिळत होते महिना दोन हजार रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. या बाया बहुधा विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरच्या. नेमणुकीत ज्या आईचे मूल त्या शाळेत शिकते तिला आधी घेतात. म्हणजे शाळा गेली की मुलाचा वर्ग आणि आईची चूल एकाच दिवशी गेली. शिक्षामित्रांचे हाल आपण पाहिलेच आहेत. २५ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुमारे १ लाख ३७ हजार शिक्षामित्रांचे सहायक शिक्षकपद गेले आणि ते पुन्हा मानधनावर आले. अशा माणसांना घराजवळची शाळा सोडून दुसऱ्या गावी रोज जाणे म्हणजे मानधनातून पेट्रोल भरणे.

मग अंतर. राज्याच्या २०११ च्या नियमावलीत तीनशे लोकवस्तीला एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, असे म्हटले आहे. एक किलोमीटर म्हणजे काय, हे रेल्वेवाल्याला विचारा. ऑफिसात नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला किलोमीटर वेगळा आणि सहा वर्षांच्या पोरीच्या पायाखालचा वेगळा. मध्ये नाला असेल, मध्ये हायवे असेल. आणि आमच्या भागात मध्ये रूळ असतात. ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली, ते चांगलेच झाले. त्याआधी २६ एप्रिल २०१८ रोजी याच राज्यात कुशीनगर जिल्ह्यात अशाच एका फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून १३ मुले गेली, ती आम्ही विसरलो नाही. पण फाटकाच्या जागी बऱ्याच ठिकाणी कमी उंचीचा भुयारी रस्ता आला. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो. मग मोठी माणसे काय करतात? रुळावर चढून पलीकडे उतरतात. मुलेही तेच करणार. सीतापूर लाईन मीटरगेज होती तेव्हा गाड्या कमी आणि हळू होत्या. आता ब्रॉडगेजवर वेग वाढला आहे. शाळा रुळाच्या या बाजूची बंद करून त्या बाजूच्या शाळेत मुलांना पाठवण्याआधी खंड शिक्षणाधिकाऱ्याने आमच्या रेलपथ विभागाला एक पत्र तरी लिहावे, म्हणजे गेट कुठे, भुयार कुठे, पाणी कधी भरते हे त्याला कळेल. असे पत्र आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे सगळे म्हटल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आठ मुलांची शाळा ही चांगली शाळा नव्हे. तिसरीत एकच मूल, त्याला बरोबरीचा कोणी नाही, भांडायला नाही, कबड्डीला नाही. गुरुजी एकटा. तो आजारी पडला की कुलूप. 'गावची शाळा वाचवा' असा नारा देऊन आपण मोकळे झालो तर त्या एकट्या मुलाचे काय? आमच्यातले काही साथी म्हणतात की प्रत्येक शाळा आहे तशीच ठेवा, एक वीटही हलवू नका. आम्हाला हे पटत नाही. नुसते विरोधाचे राजकारण मुलाच्या पाटीवर एक अक्षर उमटवत नाही.

वाट आहे, आणि ती आजची नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या लहान शाळा यांनी मिळून काम करावे, साधने वाटून घ्यावीत, एकमेकींचे शिक्षक वापरावेत, पण प्रत्येक शाळा आपापल्या वस्तीत राहावी. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेला हा माणूस, खेडे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हीच कल्पना पुन्हा घेतली, पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात संकुल करा म्हटले, आणि ती आजवर अमलात आली नाही हेही तिथेच कबूल केले. त्याच धोरणात २०१६-१७ चा आकडा आहे, की देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी मुले होती आणि एकशिक्षकी शाळा होत्या १,०८,०१७. म्हणजे रोग माहीत, औषध माहीत, साठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी खिशात, आणि डॉक्टर म्हणतो पाय कापा.

महाराष्ट्राने एक पाऊल टाकले होते. १९९४ मध्ये तिथे केंद्र शाळा सुरू झाल्या. आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, अशी राज्यभर ४,८६० केंद्रे. महिन्याची शिक्षण परिषद, एका शाळेतली चांगली गोष्ट दुसरीत नेणे, केंद्राच्या क्रीडास्पर्धा. ज्यांनी ते दिवस पाहिले ते गुरुजी अजून आठवण काढतात. मग झाले काय? केंद्रप्रमुखांच्या जागा कित्येक वर्षे मोठ्या संख्येने रिक्त राहिल्या आणि जो कोणी होता तो आकडे गोळा करणारा कारकून झाला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय आला. सप्टेंबर २०२३ मध्ये 'समूह शाळां'ची टूम निघाली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ दाखवले. पानशेतला गाडी मिळाली, इमारत मिळाली, देणगीदार मिळाले. ते बरोबर चालले असेल तर आनंद आहे. पण सह्याद्रीतल्या आणि सातपुड्यातल्या प्रत्येक पाड्याला देणगीदाराची बस मिळणार आहे काय, आणि पहिल्या पावसात दरड आली की ती बस कुठे थांबणार? एका नमुन्यावरून चौदा हजार शाळांचे वेळापत्रक बांधता येत नाही. आम्ही वेळापत्रकात आयुष्य घालवले आहे, म्हणून सांगतो.

सहकार्य म्हणजे काय, हे आमच्या खात्यातल्या एका साध्या व्यवस्थेवरून सांगता येईल. आडवळणाच्या स्टेशनवर स्टेशन मास्तर मोजकेच. कामाच्या तासांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला आठवड्याची विश्रांती द्यावीच लागते. त्या दिवशी स्टेशन बंद ठेवतात काय? मुळीच नाही. 'रेस्ट गिव्हर' म्हणून एक मास्तर असतो, तो वाराप्रमाणे चार-पाच स्टेशने फिरतो. आज इथे, उद्या पुढच्या स्टेशनवर. रजेसाठी वेगळे 'लीव्ह रिझर्व्ह' असतात. हे रेल्वेने कोणावर उपकार म्हणून केलेले नाही. गाडी चालायची तर हे लागते, आणि ते टिकावे म्हणून आमच्या आधीच्या पिढ्या लढल्या. प्राथमिक शाळेला मात्र रजेची जागाच नाही! गुरुजीची मुलगी आजारी पडली की शाळा आजारी.

तर आमचे म्हणणे असे. उत्तर प्रदेशात न्याय पंचायत पातळीवर शिक्षक संकुल आधीच आहे, महिन्याची बैठक होते. बैठकीत काय होते? व्हॉट्सॲपवर टाकायचा फोटो होतो, असे शिक्षक मित्र हसून सांगतात. त्याच संकुलाला माणसे द्या. आठ-दहा शाळांमागे दोन फिरते शिक्षक रजा-राखीव म्हणून द्या, आणि गणित-इंग्रजीचा एकेक चांगला शिक्षक वार ठरवून फिरवा. पुस्तकांच्या पेट्या महिन्याला एका शाळेतून दुसरीत जाऊ देत. शनिवारी चार शाळांची मुले एका मैदानावर आणा, म्हणजे त्या एकट्या तिसरीच्या मुलाला सवंगडी मिळतील. जेवण, आधार, ड्रेस यांचा सगळा हिशेब लिहायला संकुलाला एक कारकून द्या आणि गुरुजीला वर्गात परत पाठवा. पहिली-दुसरीची मुले वस्तीतच राहोत. चौथी-पाचवीची मोठी मुले, पालक राजी असतील आणि सरकारी गाडी दारात येत असेल, तर एकत्र शिकोत. बोरघाटात गाडीला चढ झेपत नाही तेव्हा मागून बँकर इंजिन लावतात, डबे कापून खंडाळ्याला सोडून देत नाहीत.

यात पैसा लागेल. लागणारच. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच विचारले होते, की शेतकऱ्याच्या घामातून सारा वसूल होतो आणि त्याच्या मुलाच्या प्राथमिक शिक्षणावर त्यातले किती खर्च होते? त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. कामगार चळवळ आणि खेड्यातली शाळा यांचे नाते त्या दिवसांपासूनचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेमार्फत जिथे शाळाच नव्हती अशा शेकडो खेड्यांत व्हॉलंटरी शाळा काढल्या, तेव्हा त्यांनी आधी पट विचारला नव्हता.

कायद्यात आपल्या हाती एक हत्यार आहे, ते गंजत पडले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आहे. बऱ्याच ठिकाणी समितीची सही मुख्याध्यापक घरी जाऊन घेतात. आमचे ट्रॅकमन, गेटमन या समित्यांत बसू शकतात, त्यांच्या बायकाही बसू शकतात. शेजारच्या तीन-चार शाळांच्या समित्यांनी एकत्र बसून एकच आराखडा केला, आमच्यात गाडी ही, फिरता शिक्षक हा, रूळ ओलांडायचे ठिकाण हे, असे लिहून दिले, तर अधिकाऱ्याला नुसते 'पट कमी' म्हणून फाईल बंद करता येणार नाही. कोर्टातही सह्यांचा कागद बोलतो. सीतापूरच्या प्रकरणात कागदच बोलले.

शिक्षक संघटनांनाही आमची विनंती आहे. आंदोलन करताना बदल्या आणि वेतन यांच्याबरोबर रसोइया भगिनींना मंचावर जागा द्या. पालकांना वाटता कामा नये की गुरुजी फक्त स्वतःच्या जागेसाठी भांडतो. आणि जिथे शाळा खरोखर गुरुजींच्या गैरहजेरीने ओस पडली, तिथे संघटनेने पाठीशी घालू नये. हे कटू आहे, पण आमच्याही संघटनेत हा कटू घोट आम्हाला प्यावा लागतो.

नवे सत्र १ एप्रिलला सुरू होते. त्याआधी लखनौ मंडळातील प्रत्येक शाखेने आपल्या भागाची एक यादी करावी. गँग क्रमांक, वस्तीचे नाव, मुलांची संख्या, कोणत्या शाळेत जातात, ती जोडली गेली आहे काय, नवीन शाळा रुळाच्या कोणत्या बाजूला, जवळचे गेट किंवा भुयार किती अंतरावर आणि पावसाळ्यात तिथे पाणी किती चढते. अंतर पट्टीने नव्हे, चालून मोजावे. शक्य तर एखादे मूल बरोबर घेऊन, त्याच्या चालीने. किती मिनिटे लागली तेही लिहावे. या याद्या शाखा कार्यालयात जमा झाल्या की एक प्रत खंड शिक्षणाधिकाऱ्याला, एक प्रत मंडळ रेल प्रबंधकांना आणि एक संबंधित शाळेच्या समितीला आम्ही स्वतः नेऊन देऊ. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, एवढे मात्र साथींनी ध्यानात ठेवावे.